तेरा तास चाळीस मिनिटे

सोमवारी सकाळी पावणेसातला सुरतेच्या भेस्तान भागात इंदुबाई वारल्या. साडेसातला मगनचा फोन वाजला. मगन आमच्या खानदेशी समाज मंडळाचा टेम्पो चालवतो. पलीकडून इंदुबाईंची मुलगी चंचल बोलत होती. तिने विचारले, "मगनभाऊ, ती पेटी मोकळी आहे का?"

ती पेटी म्हणजे मी. मी एक जुनी शीतपेटी आहे, मित्रांनो. गेलेल्या माणसाला त्याचे लांबचे नातेवाईक येईपर्यंत माझ्यात ठेवतात. माझे नाव कोणी घेत नाही. मला नेहमी 'ती पेटी' म्हणतात. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला माझ्यापासून दूर नेले जाते. तरीही माझी गोष्ट तुम्हीच ऐकावी असे मला वाटते, कारण मोठ्यांना सांगून उपयोग झालेला मी पाहिला नाही.

माझा जन्म कतारगामच्या एका कारखान्यात झाला. तिथे आईस्क्रीमच्या दुकानांचे फ्रीजर बनत. माझा कॉम्प्रेसर खरे तर कुल्फीसाठी आणलेला होता. मंडळाने मागणी केली तेव्हा कारागिरांनी सहा फुटांचे पत्र्याचे पोट बनवले, वर काचेचे झाकण बसवले, काठाला रबराची पट्टी लावली आणि खाली चार चाके लावली. अमळनेरकडच्या एका घराने वडिलांच्या आठवणीसाठी मला मंडळाला दिले. माझ्या अंगावर त्या वडिलांचे नाव रंगवले आहे. आता त्यातली अर्धी अक्षरे उडाली आहेत.

मला मंडळात आणले त्या दिवशी हार घातला. नारळ फोडायला एक पाहुणे बोलावले होते. ते माझ्यापासून चार पावले लांबच उभे राहिले. त्यांनी लांबूनच नारळ फोडला आणि म्हणाले, "ही पेटी कधीच कुणाच्या कामी न येवो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तूला असा आशीर्वाद मिळालेला तुम्ही ऐकला आहे का? त्याच आठवड्यात मी कामी आले.

सुरुवातीची वर्षे बरी होती. कुणाचा भाऊ नंदुरबारहून यायचा असे, कुणाची बहीण शिरपूरहून. चार तास, सहा तास, फार तर एक रात्र. माणसे रडत, पाया पडत, घेऊन जात. परत आले की मगन मला फिनाईलने पुसून जिन्याखाली ठेवी. लोक म्हणत, "पेटी होती म्हणून बहिणीला भावाचं तोंड दिसलं." ते ऐकून मला बरे वाटे.

मग मुले परदेशी जाऊ लागली. मी जिन्याखालची पेटी, पण मला जगाचा भूगोल कळू लागला. दुबई म्हणजे विमानाचे तीन तास आणि माझे चौदा. लंडन म्हणजे विमानाचे दहा आणि माझे तीस. विमानाचे तास आणि माझे तास कधीच जुळले नाहीत. विमानाच्या तासांत तिकीट मिळेपर्यंतचा वेळ नसतो, मधल्या विमानतळावरचा मुक्काम नसतो, मुंबईहून सुरतेपर्यंतचा रस्ता नसतो. माझ्या तासांत हे सगळे असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मेलेल्या माणसाची मला कधी किळस वाटली नाही. जिवंत माणसांची मात्र वाटते. एकदा मंडळाच्या सभागृहात लग्न होते. ऐन मे महिना होता. कुणीतरी माझी पिन सॉकेटमध्ये घातली आणि माझ्यात पाण्याच्या बाटल्या गार करत ठेवल्या. वर चादर टाकली. वऱ्हाडी ते पाणी प्यायले, "काय गार पाणी आहे!" म्हणाले. ज्यांना ठाऊक होते ते गप्प राहिले आणि स्वतः मात्र माठातले पाणी प्यायले. तेव्हा मला पहिल्यांदा शिसारी आली. सोमवारी मी दगाभाऊंच्या घरी गेले आणि तिथे त्याहून वाईट पाहिले.

दगाभाऊ म्हणजे इंदुबाईंचे यजमान. कडोदऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, त्यांनी छत्तीस वर्षे काढली. घर दोन खोल्यांचे. मोठा मुलगा योगराज कॅनडात, टोरांटोला असतो. मुलगी चंचल घरी साड्यांना लेस लावते. तिचे सासर कडोदऱ्याला आहे, पण इंदुबाईंचे मूत्रपिंड बिघडले तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षे, ती आईपाशीच राहिली. आठवड्यातून दोनदा रिक्षाने डायलिसिसला नेणे, पाणी मोजून देणे, सुजलेले पाय चेपणे, हे सगळे तिने केले. योगराज दर महिन्याला फोनवर विचारी, "माय कशी आहे?" चंचल म्हणे, "आहे तशीच आहे. तू जेवलास का?"

नऊच्या सुमारास इंदुबाईंना माझ्यात ठेवले. बाया आतल्या खोलीत गेल्या, पुरुष बाहेर खुर्च्या मांडायला गेले. दगाभाऊ एकटेच माझ्याजवळ राहिले. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि हळू आवाजात बोलले.

"इंदू, दवाखान्यात तू बोलली होतीस ते माझ्या लक्षात आहे. मला ठेवू नका. चंचलच्या हातून जाऊ द्या. मी सांगतो सगळ्यांना. जरा माणसं जमू दे, मग सांगतो."

हे फक्त तिघांना माहीत होते. त्यातल्या एक बोलू शकत नव्हत्या. दुसरी मी, आणि मला कोण विचारतो? उरले दगाभाऊ. म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, मित्रांनो. पुढचे दोन दिवस मी दुसरे काहीही केले नाही.

माणसे जमली. भटूनाना आले. हे दगाभाऊंचे चुलतभाऊ, भाऊबंदांत वडीलधारे. कुणाच्याही घरी मयत झाली की विस्तवाचे मडके कुणाच्या हातात जायचे हे नाना ठरवतात.

अकरा वाजता योगराजचा फोन आला. दगाभाऊ माझ्याशेजारीच बसले होते, त्यामुळे मी एकेक शब्द ऐकला. तो रडत होता, पण नीट बोलत होता. "आबा, सरळ विमान नाही. इथून आज संध्याकाळी, म्हणजे तुमच्या उद्या पहाटे सुटणार. मध्ये जर्मनीत थांबा आहे. मग मुंबई, मग गाडीने सुरत. बुधवार सकाळ उजाडेल. माझी वाट बघू नका. मायला एवढा वेळ ठेवू नका. चंचल आहे ना, तिला देऊ द्या अग्नी. मी दहाव्याला असेन."

दगाभाऊ म्हणाले, "तू ये."

"आबा, ऐकताय ना? वाट बघू नका."

"ये तू," ते पुन्हा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नानांनी दारातूनच विचारले, "काय म्हणतो?"

"निघतोय," दगाभाऊ म्हणाले.

एवढेच. बुधवार हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. चंचलचे नाव घेतले नाही. त्यांना नानांची भीती वाटली, की पोरगा असताना पोरीला पुढे केले असे गावात बोलतील याची वाटली, ते मला कळले नाही. मी थंड पेटी आहे. मला एवढेच कळले की हा माणूस गप्प बसला.

नानांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सुरत ते टोरांटो किती लांब हे शोधले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले, "सव्वाबारा हजार किलोमीटर. तेरा तास चाळीस मिनिटं. फोनमा लिखेल शे, लिहिलंय इथं."

"कव्हय ई मग तो?" कधी येईल, असे कुणीतरी विचारले.

नानांनी बोटांवर मोजले. "आता निघाला असं धरा. अकरा आणि चौदा. मध्यरात्री एक. म्हणजे घरी दोन-तीनला. उद्या सकाळी आठला काढू."

चंचल चहाचे ग्लास गोळा करत होती. ती थांबली. "नाना, हे सरळ उडालं तर. मध्ये थांबाच नसता तर एवढे तास. टोरांटोहून सुरतेला थेट विमान कुठे येतं?"

"नकाशावर रेघ आहे ना बेटा," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. खरोखरच रेघ होती. एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत, समुद्रांवरून, बर्फावरून, कुठेही न थांबता.

चंचल वडिलांकडे वळली. "आबा, दादा नेमकं काय बोलला?"

"निघालाय बोलला."

तिने मान हलवली. वडिलांवर तिचा विश्वास होता.

नानांनी गावाकडे फोन लावले. उद्या आठ वाजता, उद्या आठ वाजता. संध्याकाळच्या गाडीने माणसे यायला लागली. आपल्याकडे घरात प्रेत असले की त्या घरची चूल पेटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या पुष्पाबाईंनी पिठले-भाकरी आणून दिली. पण नाना आणि चार-पाच जण "जरा पाय मोकळे करतो" म्हणून नाक्यावर गेले. परत आले तेव्हा एकाच्या सदऱ्यावर चटणी सांडलेली होती आणि सगळ्यांच्या हाताला तळणाचा वास होता. त्याच हातांनी त्यांनी माझ्या काचेला नमस्कार केला. पुष्पाबाई नानांना म्हणाल्या, "नाना, मोकळे झाले का पाय? की अजून एक प्लेट बाकी आहे?" नाना म्हणाले, "वहिनी, शुगर आहे मला. उपाशी राहिलो तर तुम्हाला दोन पेट्या मागवाव्या लागतील." यावर दोघे-तिघे हसले. दगाभाऊ हसले नाहीत, पण त्यांनी नानांना काही म्हटलेही नाही.

मंगळवारी सकाळी आठ वाजता गल्लीत दीडशे माणसे उभी होती. तिरडी बांधून झाली होती. मडके, गोवऱ्या, फुले, सगळे तयार होते. फक्त योगराज नव्हता. चंचलने त्याला फोन लावला. बंद. मग तिने आबांचा फोन घेऊन निरोप उघडले. तिथे आदल्या दिवसाचे तिकीट होते. योगराजने ते सोमवारी दुपारीच पाठवले होते. ती ते उभ्याउभ्या वाचत गेली.

"आबा, दादा आत्ता समुद्रावर आहे. तो उद्या येणार."

गल्लीत गलका झाला. गावाकडून आलेला एक म्हातारा म्हणाला, "अरे, मी बैल सोडून आलो! आठ म्हणजे कोणते आठ?" सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी परत फोन काढला आणि दाखवला. "मी काय मनानं सांगितलं? इथं लिहिलंय."

मगन माझे पाणी काढायला आला होता. तो खाली वाकूनच म्हणाला, "नाना, तुमचं विमान कागदाचं होतं. आता ऐका माझं. पेटी जुनी आहे. रबर गेलंय. उद्यापर्यंत मी खात्री देत नाही. आज द्या अग्नी."

"कुणाच्या हातून?" नानांनी विचारले.

"पोरगी आहे की."

"पोरगा विमानात बसलेला असताना? आणि पोरगी दुसऱ्या घरची."

"तीन वर्षं कुणाच्या घरची होती, नाना?" पुष्पाबाई आतून म्हणाल्या.

चंचल उंबऱ्यावर उभी होती. तिने पदर खोचलेला होता. ती दगाभाऊंना म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

मित्रांनो, एका वाक्याचे काम होते. 'तुझ्या आईनेच तुला सांगितले आहे.' एवढे म्हटले असते तर नानाही आडवे आले नसते. गेलेल्या माणसाचे शेवटचे बोलणे मोडायची हिंमत आमच्या समाजात कुणाची नाही. दगाभाऊंनी पायातल्या चपलेकडे पाहिले. मग म्हणाले, "उद्यापर्यंत थांबू."

माझे आतले दिवे पिवळे आहेत. त्या उजेडात मला इंदुबाईंचा चेहरा दिसत होता आणि काचेपलीकडे यांचा. मला यांच्याकडे बघवेना.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण ते लांबवून सांगण्यासारखे नाही. दुपारी ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी लाईट बंद केली. ती अडीच तासांनी आली. मी गरम व्हायला एक तास पुरतो आणि परत थंड व्हायला पाच लागतात. मगनने बर्फाच्या लाद्या आणून पोत्यात बांधून आत ठेवल्या. तो दर वेळी ओरडून सांगे, "झाकण उघडू नका!" आणि दर वेळी कुणीतरी उघडी. कुणाच्या मुलाला पुण्यात व्हिडिओवर दर्शन हवे होते, कुणाच्या सुनेला नाशिकमध्ये. फोन आत घालून, "दिसतंय का? थांब, तोंड दाखवतो," म्हणत. एकाने तर तोंड नीट दिसत नाही म्हणून नाकातला कापूस बाजूला केला. संध्याकाळपर्यंत अगरबत्तीचे पाच पुडे संपले. लोक येत, नाकाला रुमाल लावत आणि दारातूनच हात जोडत. आदल्या दिवशी जे माझ्या काचेला डोके टेकवत होते, तेच आता गल्लीच्या पलीकडे खुर्च्या नेऊन बसले. चंचल मात्र रात्रभर माझ्या पायाशी बसून राहिली. खाली साचणारे पाणी ती फडक्याने टिपत होती. तिने नाकाला काही लावले नव्हते.

बुधवारी सव्वानऊला योगराज आला. दाढी वाढलेली, पाय सुजलेले. त्याने काचेतून आईला पाहिले आणि एकदम मागे सरला. आईला पाहून कुणी मागे सरावे, इतकी ती बदलली होती. त्याने तोंडावर हात ठेवला. मग तो वडिलांकडे वळला.

"आबा, मी सांगितलं होतं ना? वाट बघू नका. चंचलला देऊ द्या. दोनदा सांगितलं होतं."

दीडशेतली वीस-पंचवीस माणसे उरली होती. त्या सगळ्यांनी ऐकले. चंचलने ऐकले. नाना म्हणाले, "चला, चला, आधीच उशीर झालाय." उशीर हा शब्द त्यांनी उच्चारला, आणि त्यांना काहीच वाटले नाही.

योगराजने मडके उचलून चंचलपुढे धरले. "तू घे." ती वडिलांकडे बघत राहिली. ते बघत नव्हते. मग तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "तू एवढा आलास दादा. तूच घे." सगळे निघून गेले. अग्नी देणारी नसेल तर आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. घरात चंचल, पुष्पाबाई आणि मी उरलो.

चंचलने मला स्वतः धुतले. आधी साबणाने, मग फिनाईलने, मग परत साबणाने. रबराच्या पट्टीतली घाण तिने दात घासायच्या ब्रशने काढली. पुष्पाबाई म्हणाल्या, "राहू दे गं, मगन करेल." ती म्हणाली, "माझ्या मायचंच आहे, काकू." थोड्या वेळाने ती थांबली आणि काचेवर पाणी तसेच ठेवून म्हणाली, "एकच वाटतं. माय एकदा तरी बोलायला हवी होती. 'चंचल, तू दे' एवढं जरी बोलली असती ना, तर मी नानांचं ऐकलं नसतं, आबांचं ऐकलं नसतं. पण ती बोललीच नाही. तिलाही दादाच हवा असेल."

पुष्पाबाईंना काही माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "असेल बाई. आईचं मन."

मला त्या दिवशी माझ्या पत्र्याची, काचेची, सगळ्याची चीड आली. सहा फुटांचे पोट दिले आणि बोलायला तोंड दिले नाही.

आता मी परत जिन्याखाली आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले बरेच जण लांब जातील. जा. पण घरी कुणी गेले तर फोनवर विमानाचे तास बघत बसू नका. तिकीट बघा, मधले थांबे बघा आणि मागे राहिलेल्यांना खरा दिवस सांगा. मागे राहिलेल्यांनी तो खरा दिवस चारचौघांत तसाच सांगावा. जो जवळ असेल त्याला पुढे होऊ द्या. मी लागलेच, तर माझे झाकण उघडू नका. मला एक नवी रबराची पट्टी बसवा. आणि कुणी जाताना तुम्हाला काही सांगून गेले असेल, तर माणसे जमायची वाट बघू नका. ज्याच्यासाठी सांगितले आहे, त्याला त्याच दिवशी सांगा.

गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटल्याचा विधी, झाल्यावर योगराज परत गेला. चंचल कडोदऱ्याला सासरी गेली. दगाभाऊ सकाळी मंडळात येतात. मगनकडून फडके मागून घेतात आणि माझी काच पुसतात. ती स्वच्छच असते. पुसताना म्हणतात, "इंदू, रविवारी जातो चंचलकडे. सांगतो." असे पाच रविवार गेले. दोनदा ते कडोदऱ्याला जाऊनही आले. तिच्या घरी जेवले, तिने डब्यात भरून दिलेली भाकरी घेऊन परतले.

तिच्या आईने तिचेच नाव घेतले होते, हे चंचलला अजून कुणी सांगितलेले नाही.